कागदाच्या खालच्या तीन ओळी

त्या घरात ठराव झाल्याशिवाय पडदासुद्धा बदलत नसे. कर्ते गृहस्थ पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. तेवीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहून त्यांची अशी पक्की समजूत झाली होती, की जे वहीत उतरलं तेच जगात घडलं. घरासाठी त्यांनी एक निळी वही ठेवली होती. भिंतींचा रंग, फ्रिज दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, धाकट्या भावाचं लग्न, सगळं तिच्यात होतं. भावाच्या लग्नाचा विषय सात वर्षं विचाराधीन होता.

त्या रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर सभा भरली. विषय एकच, वर्षाखेरीच्या सुट्टीत अठरा माणसांना घालायचं जेवण. दरवर्षी हे जेवण म्हणजे तळण, मटण, साखरेचा पाक आणि पुढचे तीन दिवस अॅसिडिटीच्या गोळ्या. यंदा तसं चालणार नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी वहिनी, म्हणजे हेडक्लार्कांची बायको (वहीतही त्यांचं नाव ‘वहिनी’ असंच), चक्कर येऊन जिन्यातच बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पुन्हा एकदा मोजला, गोळ्या दिल्या आणि एका कागदावर आपल्या हाताने आठ ओळी लिहून दिल्या. भाज्या, कडधान्यं, फळं, अक्रोड-बदाम, ऑलिव्हचं तेल. भूमध्य समुद्राच्या काठची माणसं खातात तसं साधं जेवण.

घर हादरलं, हे खरं. कुणी नाही म्हणू नये. हेडक्लार्कांनी त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा कागद वहीत उतरवून घेतला, पाच ओळी. खालच्या तीन ओळी आहाराच्या विषयात बसत नव्हत्या, म्हणून त्यांनी सोडून दिल्या. विषयाबाहेरचं काही इतिवृत्तात घ्यायचं नाही, हा त्यांच्या कचेरीतला नियम.

तर सभेत असं ठरलं, की यंदा सुट्टीचं जेवण संपूर्ण शाकाहारी आणि भूमध्य पद्धतीचं करायचं. ‘वहिनींच्या आरोग्याप्रीत्यर्थ’ असे शब्द वहीत आहेत. धाकटा भाऊ व्यायामशाळेत जायचा, त्यामुळे त्याला प्रथिनांची काळजी होती. त्याने मसुराचं सॅलड आणि काबुली चण्याचं वाटण सुचवलं. कन्या आहारशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने भरलेल्या ढोबळ्या मिरच्या, भाजलेलं वांगं, पालकाचे रोल, तीन प्रकारच्या चटण्या आणि घरी भाजलेला गव्हाचा पाव सुचवला. विकतच्या पावात काय काय असतं, हे तिने इतकं सविस्तर सांगितलं की धाकट्याने हातातला विकतचा पाव खाली ठेवला. यादी अकरा पदार्थांवर थांबली.

मग जबाबदारीचा रकाना. समन्वय हेडक्लार्कांकडे. पौष्टिक मूल्यं कन्येकडे. चव आणि सूचना धाकट्याकडे. अकरा पदार्थांपुढे एकच शब्द लिहिला होता, ‘स्वयंपाकघर’. जणू काही स्वयंपाकघराला हात असतात आणि ते आपण होऊन वांगी भाजतं.

वहिनी उपस्थित असल्याची नोंद आहे. त्या वेळी त्या सभेसाठी चहाची तिसरी फेरी करत होत्या.

हेडक्लार्क वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगून टाकतो. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. हे असे की बायकोच्या काळजीने खरोखर रात्ररात्र जागायचे आणि सकाळी उठून तिला म्हणायचे, “अगं, ते ऑलिव्हचं तेल कुठल्या बाटलीत ओततेस? काचेच्या बाटलीत ठेव, आणि उजेडापासून लांब.”

सुट्टीच्या चार दिवस आधी रंगीत तालीम ठरली. अकराच्या अकरा पदार्थ थोडे थोडे करून बघायचे, म्हणजे ऐन वेळी फजिती नको. कन्येने एक व्हिडिओ पाहिला होता. चण्याचं वाटण रेशमासारखं व्हायचं असेल, तर शिजलेल्या प्रत्येक चण्याचं साल काढायचं. एकेक चणा चिमटीत धरायचा, दाबायचा, साल सुटतं. व्हिडिओत हे चाळीस सेकंदांत झालं. ‘थोडे थोडे’ म्हणता म्हणता वहिनींपुढे दीड किलो चणे होते.

सकाळी सहापासून त्या ओट्यापाशी उभ्या होत्या.

साडेअकराच्या सुमाराला आक्का आल्या. हेडक्लार्कांची थोरली बहीण, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्ड सिस्टर होत्या. सुट्टीसाठी राहायला आल्या होत्या. बाहेर टेबलावर सात वाट्या मांडल्या होत्या आणि सभा बसली होती. धाकटा एक चमचा तोंडात धरून डोळे मिटून म्हणत होता, की चण्याचं वाटण छान आहे, पण किंचित रवाळ लागतंय. कन्या ते मोबाइलमध्ये टिपून घेत होती. हेडक्लार्कांनी बहिणीला हसून या म्हटलं आणि तिच्याही हातात चमचा दिला.

आक्कांनी चमचा टेबलावर ठेवला आणि आत गेल्या.

वहिनी दोन्ही तळवे ओट्यावर टेकून, डोळे मिटून उभ्या होत्या. पावलं इतकी सुजली होती की चपलांचे पट्टे रुतले होते. आक्कांनी पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि दंडाला पट्टा बांधला. एकशे ब्याऐंशीवर एकशे दहा. पुन्हा बांधला. तेच.

“सकाळची गोळी घेतलीस?”

“नाश्त्यानंतर घ्यायची असते ना, आक्का.”

“मग नाश्ता काय केलास?”

वहिनींनी जरा आठवून बघितलं. “चहा. आणि कालच्या पावाची कड होती.”

बाहेर सात वाट्यांत प्रथिनं, तंतू, जीवनसत्त्वं आणि हृदयाला हितकारक चरबी होती, आणि जिच्या हृदयासाठी ही सगळी खटपट चालली होती ती बाई कालच्या पावाच्या कडेवर उभी होती! मंडळी, यावर मी काही विनोद करणार नाही. मला तो सुचलाही नाही.

आक्कांनी तिला दोन घास खाऊ घालून गोळी दिली, बाहेरच्या सोफ्यावर आणून आडवं केलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तासाभरात आकडा खाली आला नाही, किंवा बोलताना जीभ अडखळली, हातपाय जड वाटले, तर क्षणभरही न थांबता घेऊन या, असं तिकडून सांगितलं गेलं. आक्कांनी घड्याळ बघितलं. मग त्यांनी मूळ कागद मागितला.

हेडक्लार्कांनी निळी वही पुढे केली.

“वही नको. बाईंनी लिहिलेला कागद.”

तो वहिनींनी मसुराच्या डब्याखाली ठेवला होता. आक्कांनी तो टेबलाच्या मधोमध, वाट्या सरकवून, पसरला आणि हेडक्लार्कांना मोठ्याने वाचायला लावलं. पहिल्या पाच ओळी त्यांना पाठ होत्या. सहाव्या ओळीला आवाज खाली गेला. सलग अर्ध्या तासाहून जास्त उभं राहायचं नाही. सातवी: वेळेवर, बसून, सगळ्यांबरोबर जेवायचं, मागून नाही. आठवी ओळ डॉक्टरीणबाईंनी दोनदा अधोरेखित केली होती. घरातली कामं वाटून द्यावीत. औषधाइतकंच महत्त्वाचं.

“हे वहीत का नाही?” आक्कांनी विचारलं.

हेडक्लार्क म्हणाले, की विषय आहाराचा होता. मग त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, “पण आक्का, हे सगळं तिच्याच तब्येतीसाठी चाललंय ना.”

“वॉर्डात पेशंटला सलाइन लावायचं, तर बाटल्या आम्ही पेशंटकडून धुऊन घेत नव्हतो,” आक्का म्हणाल्या. “तू तर तिच्याकडून कारखाना चालवून घेतोयस. वर म्हणतोयस तिच्यासाठी. वांगं चांगलं, तेल चांगलं, सगळं चांगलं रे. पण जे जेवण करता करता करणारीच आडवी होते, त्याला पौष्टिक म्हणायची तुमची हिंमत कशी होते?”

धाकट्याने मध्ये तोंड घातलं, की वहिनीने सांगायचं ना, आम्ही काय नाही म्हटलं असतं? आक्कांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. वॉर्डात भेटीची वेळ संपल्यावर नातेवाइकांकडे बघतात, तसं.

सोफ्यावरून आवाज आला. शांत होता, म्हणून सगळे जास्त दचकले.

“त्या दिवशीच्या सभेत माझ्या नावापुढे काय लिहिलंय हो?”

हेडक्लार्कांनी पान उलटलं. “उपस्थित.”

“मी उपस्थित नव्हते. मी चहा करत होते.” वहिनी छताकडे बघत बोलत होत्या. “जिन्यात चक्कर आली, तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी कुणी म्हणेल, तू बस. तुम्ही अकरा पदार्थ आणलेत. मला चणे आवडतात की नाही, हे एकानं तरी विचारलं का? माझी आई अशीच ओट्यापाशी उभी असताना कोसळली. तिची वाचा गेली ती गेलीच. मला असं जायचं नाही. मला फार राग आलाय, आणि तो रक्तदाबाचा नाही.”

कन्येने मोबाइल पालथा ठेवला. आपण दोन वर्षं आहारशास्त्र शिकतोय, प्रत्येक वाटीतले उष्मांक सांगू शकतो, पण आईने दिवसभरात काय खाल्लं हे कधी मोजलं नाही, असं ती पुटपुटली आणि रडायला लागली. आक्कांनी तिला रड म्हटलं, पण रडताना ती पातेली घास, म्हटलं.

तास भरायला अजून पन्नास मिनिटं बाकी होती. हेडक्लार्क उठून आत गेले. उरलेल्या चण्यांचं पातेलं पुढे ओढून सोफा दिसेल अशा बेताने दारात उभे राहिले आणि साल काढायला लागले. पहिला चणा बोटांतून निसटून फ्रिजखाली गेला. दुसरा चिरडला. विसाव्या मिनिटाला ते एका पायावरून दुसऱ्या पायावर आले. चाळिसाव्या मिनिटाला त्यांची कंबर धरली, आणि वाटीच्या तळाला जेमतेम एक थर झाला होता. बायको सकाळी सहापासून उभी होती. कचेरीत हिशेब न जुळणारे कागद त्यांनी तेवीस वर्षं बघितले होते, पण घरातला हा कागद त्यांनी आज पहिल्यांदा वाचला. मध्येच त्यांनी चष्मा काढून बाहीने पुसला. चण्याची वाफ असते थोडी.

तासाने आक्कांनी पट्टा बांधला. एकशे अठ्ठावन्नवर शहाण्णव. दवाखान्याची गरज नव्हती. हेडक्लार्क सोफ्याच्या कडेला बसले आणि बायकोला म्हणाले, “चुकलं माझं.” हे वहीत नाही.

सुट्टीच्या दिवशी चारच पदार्थ होते. मसुराचं सॅलड, भाजलेलं वांगं, फळं आणि सालासकट वाटलेले चणे, चांगले रवाळ. पाव विकतचा. आलेल्या प्रत्येकाच्या हातात दारातच हेडक्लार्कांनी एक सुरी आणि दोन काकड्या दिल्या. दोन मेहुणे याला चेष्टा समजले. पाच मिनिटांनी समज दूर झाली. धाकट्याला अचानक पाठदुखी आठवली, तेव्हा आक्कांनी त्याला बसून करण्यासारखं काम दिलं. कांदे.

वहिनी सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या आधी ताट घेऊन बसल्या. दोन घासांनंतर त्या म्हणाल्या, “लिंबू कमी पडलंय,” आणि सवयीने उठायला गेल्या. तीन खुर्च्या एकदम मागे सरकल्या. त्या पुन्हा टेकल्या. राग गेला का, असं आक्कांनी हळूच विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, नाही, अजून पुरवून पुरवून वापरणार आहे.

मंडळी, आपल्याकडे हल्ली ताटात काय असावं यावर फार चर्चा चालते. चालू दे; कडधान्यं खा, भाज्या खा, तेल काचेच्या बाटलीत ठेवा. पण त्याआधी मान वर करून एकदा बघा, आत कोण उभं आहे आणि किती वेळापासून. आरोग्य म्हणून आपण जे खातो ते दुसऱ्या कुणाच्या पायांवर उभं असेल, तर ते आरोग्य नव्हे, चोरी आहे; आणि चोर आपणच आहोत!

निळ्या वहीत सुट्टीच्या त्या दिवसाची एकच ओळ आहे. अक्षर हेडक्लार्कांचं आहे, नेहमीपेक्षा थोडं वाकडं, कारण काकडी चिरताना कापलेल्या अंगठ्याला पट्टी होती.

‘वहिनी उपस्थित. बसलेल्या.’