मागे उभं राहणारं माणूस

भावोजींनी रबरी हातमोज्यांत हवा भरली, त्यांची तोंडं पिळून धरली आणि एकेक मोजा कानाशी नेला. कुठूनही हवा सुटत नव्हती. मग ते हातात चढवून, तोंडावर काच ओढून त्यांनी पॅनलचं दार उघडलं.

मेहुणी दोन पावलं मागे उभी राहिली. लाटांवर वरखाली होणाऱ्या तराफ्यापासून वीज करणाऱ्या या केंद्रात दोघंही वायरमन. आज तिच्या हातात लांब दांड्याचा हूक होता. पुढच्या माणसाला विजेनं धरलं, तर हुकानं ओढायचं, अंगाला हात लावायचा नाही. एवढंच तिचं काम. इतरांच्या मागे ती कितीदा तरी अशी उभी राहिली होती. पण भावोजींच्या मागे आज पहिल्यांदाच.

"पॅनल बंद करून नाही का जमणार?"

"बंद केलं की तराफ्याचा ब्रेक सुटेल. या असल्या लाटांत त्याचे तुकडे होतील," काचेमागून आवाज आला. "एक सैल स्क्रू तर आवळायचाय. तोंड पाडून उभी राहू नकोस, मेहुणीबाई. तुझ्या ताईला वाटेल, मी छळतो तुला."

"छळताच."

ते हसले आणि आत वाकले. बाहेर लाट आदळली, पायाखालची लोखंडी जाळी थरथरली. ती फक्त त्यांच्या पाठीकडे बघत होती. पापणी लवली तरी काहीतरी होईल, असं तिला वाटत होतं.

आणि ती पाठ ताठ झाली.

भावोजींच्या घशातून विचित्र आवाज निघाला. मान मागे गेली, सगळं अंग आखडलं. हूक कधी गळून पडला ते तिला कळलंच नाही. तिनं मागून त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि जिवाच्या आकांतानं खेचलं. दोघंही जाळीवर आपटले.

"पाय... अगं, पाय!" भावोजी कळवळले. "पोटरीत पेटका आलाय!"

ती आधी हसत सुटली, मग रडायलाच लागली. भावोजींनी काच वर केली, दातओठ खात पोटरी चोळली. मग त्यांचं लक्ष पलीकडे पडलेल्या हुकाकडे गेलं आणि त्यांचा हात थांबला.

"खरंच वीज असती तर?"

तिनं हूक उचलून घेतला.

"मी गेलो असतो ते गेलोच असतो. पण तूही? तुझ्या ताईजवळ मग कोण उरलं असतं गं?"

लंगडत जाऊन त्यांनी पॅनलचं दार लावलं आणि भिंतीवरचा फोन उचलला.

"साहेब, स्क्रू राहिलाय अजून. माझ्यामागे दुसरं कुणीतरी पाठवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, नाही, कामात चोख आहे ती." त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "पण घरचं माणूस नको. कुणीतरी परकं पाठवा."