बाळाचं वजन आणि आईची पिशवी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. मोठी माणसं माझ्यावर चढली, की आधी पोट आत ओढतात. त्यानं माझा काटा तसूभरही हलत नाही, पण मला गंमत वाटते.

कारखान्यातून मी थेट एका डॉक्टरीणबाईंच्या छोट्या दवाखान्यात आलो. तान्ही बाळं माझ्यावर उभी कशी राहणार? म्हणून आधी आईचं बाळासकट वजन व्हायचं, मग एकटीचं. वजाबाकी केली की बाळाचं वजन मिळे आणि त्यावरून औषध ठरे.

एकदा तापानं फणफणलेलं बाळ आलं. आई त्याला घेऊन चढली. त्रेसष्ट. मग सोबत आलेल्या आजीनं तिचं ओझं हलकं केलं. एकटी आई बावन्न.

"बाळ अकरा किलो!" कंपाउंडरकाका म्हणाले.

आजी हरखल्या. "बघा! पंधरा दिवसांत तीन किलो! माझ्या हातचं अंगी लागतं हो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मागच्या खेपेच्या कागदावर आठ होते. "आजी, तापात बाळ वाळतं, वाढत नाही. खांद्यावर काय आहे तुमच्या?"

"सूनबाईची पिशवी. बाळाबरोबर तीही घेतली मी."

"अहो, मग पिशवीलाही औषध पाजायचं का?"

काकांनी जीभ चावली. आई पिशवीशिवाय बाळाला घेऊन पुन्हा चढली. साठ. म्हणजे बाळ आठच किलो. बाईंनी कागदावर मांडलं: किलोला पंधरा मिलिग्रॅम, आठ किलोंना एकशेवीस. त्या बाटलीत तेवढं औषध पाच मिलीत होतं. अकरा धरले असते, तर जवळजवळ सात मिली पोटात गेलं असतं. बाईंनी औषध पाजायच्या पिचकारीवर पाचाची रेघ आईला बोट ठेवून दाखवली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरलेलं ते बाळ माझ्या काचेवर थापा मारत होतं. माझं तेवढं कौतुक कुणीच केलं नाही.

पुढे आकडे दाखवणारा नवा काटा आला आणि मी कोपऱ्यात गेलो. गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या लेकीनं मला घरी आणलं. ती मला पुसते, काटा शून्यावर आणते आणि हात थोडा वेळ तसाच ठेवते.

मित्रांनो, काट्याला धूळ खाऊ देऊ नका. वजन करण्याआधी तो शून्यावर आहे ना, ते पाहा, आणि आकडा पटला नाही तर लाजू नका, पुन्हा करा. बाळाला आपलं वजन सांगता येत नाही. ते तुम्ही द्याल तेवढं औषध विश्वासानं गिळतं.