गुलाबसिंगचा बहाणा

"अजून एक ठिव. वर ठिव."

दुलीचंद शेठ आपल्या धान्याच्या दुकानातल्या गादीवरून ओरडले आणि गुलाबसिंग हमालाने पाठीवरचं पोतं, ढेपेचा भरलेला कट्टा, शेजारच्या गाळ्याच्या दारात धपकन टाकला. सरकीच्या ढेपेचा पिवळट भुसा उडाला. दारात आता छातीएवढी भिंत झाली होती. एका अंगाला माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट तेवढी उरली होती. शेठांनी तीही बुजवली असती. पण गाळा त्यांच्या बायकोच्या, पानाबाईंच्या नावावर होता आणि दार पूर्ण बंद झालं तर दुपारचा डबा विसरायचा, हे बाईंनी सकाळीच बजावलं होतं.

आत त्यांचा मुलगा संयम काचेचं कपाट पुसत होता. बापाकडे पाहतही नव्हता. शेठना तेच झोंबत होतं. भांडला असता तर चार शब्द सुनावता तरी आले असते!

दारावर पाटी होती: 'विजया औषधालय. वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही.' विजया म्हणजे भांग. संस्कृतात नाव घातलं म्हणून ती काय तुळस होते? पोरगं नागपूरला औषधांचं शिकलं, चांगली नोकरी करत होतं, ती सोडून रिसोडला आलं आणि उघडलं काय, तर भांगेच्या तेलाचं नि गोळ्यांचं दुकान. म्हणे दुखण्यावर चालतं, कॅन्सरवाल्यांना झोप लागते. सरकारी परवाना चौकटीत घालून भिंतीवर टांगला होता. परवान्याचं काय कौतुक, परवाना दारूच्या दुकानालाही असतो! आजोबांपासून ज्या घराने दुकानात विडीचं बंडल ठेवलं नाही, तंबाखू मळत आलेल्या गिऱ्हाइकाला पायरीवरून खाली उतरवलं, त्याच्या भिंतीला भिंत लावून भांग!

बाजाराला तर आयतंच कोलीत मिळालं.

"शेठ, चिलीम संगंच भेटते का येगळी घ्या लागते?" समोरचा भांडीवाला रोज सकाळी विचारायचा. मंदिरात शेजारी बसणारे हल्ली जरा सरकून बसत. तीन पिढ्यांनी कमावलेलं नाव बघता बघता 'भांगवाले शेठ' होऊन बसलं होतं. दुकान बंद पाडल्याशिवाय ते नाव पुसलं जाणार नव्हतं.

तोड काढली राजपालने. राजपाल यूट्यूबवर तालुक्याच्या बातम्या द्यायचा आणि उरलेल्या वेळात शेठांच्या गादीवर चहा प्यायचा.

"एकदा बिनचिठ्ठीचं औषध देताना सापडू द्या त्याले, शेठ. परवाना गेलाच समजा. फक्त एक गिऱ्हाइक पायजे. गरीब दिसनारं."

पोटच्या पोराला असं पकडून द्यायचं? पण शेठना मंदिरातलं ते सरकून बसणं आठवलं आणि त्यांनी हाक मारली.

"गुलाबसिंग! इकडं ये. संयमकडे जाय. सांगजो, बायकोले कॅन्सर हाय. चिठ्ठी नाही मनजो. पाया पडजो, रडजो, काईबी करजो, पन शिशी घेऊन येजो."

गुलाबसिंगने खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"हेच सांगू, मालक?"

"हेच. तुले तं पाठच हाय. हंगामात सुट्टी मांगाले आलता, तवा हेच सांगत होता नं? माह्यापाशी नाही चालला तुहा बहाणा, त्याच्यापाशी चालंन. कवळ्या मनाचा हाय थो."

राजपाल खो खो हसला. त्याने आपला मोबाइल सुरू करून गुलाबसिंगच्या सदऱ्याच्या खिशात उभा ठेवला. गुलाबसिंगने फडक्याची घडी केली, ती पुन्हा मोडली आणि कट्ट्यांच्या फटीतून तिरका होऊन आत गेला.

बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते.

"नाही देल्लं. बाईले घेऊन या मने. गुरुवारी वाशीमच्या वैद्यबाई येतात. त्या पायतीन, लिहून देतीन, तवाच."

"अन् तू तसाच वापस आला? हात जोडाचे होते, मेल्या!"

"जोडले," गुलाबसिंग म्हणाला आणि तराजूकडे निघून गेला.

शेठ चरफडले. पोरगं पक्कं निघालं, असंही कुठेतरी आत वाटून गेलं, पण ते त्यांनी तिथेच दाबलं. शत्रूचं कौतुक करायची ही वेळ नव्हती.

दुपारी चहाला भांडीवाला आला, आणखी दोघे आले. राजपालने मोबाइल मधोमध ठेवला. "बातमी तं नाही झाली, पन ऐका, आपला गुलाबसिंग काय बोलते थे!"

पडद्यावर छताचा पंखा आणि संयमची हनुवटी दिसत होती. आवाज मात्र स्वच्छ होते.

"कुठे आहे गाठ, काका?" हा संयम.

"छातीत होती. अकोल्याले कापली. आता पाठीत गेलं मनतात."

"झोप लागते का त्यांना?"

"नाही. तोंडात पदर कोंबून पडून रायते. पोरीची लेकरं उठतीन मनून. मी कामावर आलो का मंग वरडते. शेजारीन सांगते मले. माह्यासमोर नाही वरडत."

"वा रे पठ्ठ्या!" भांडीवाल्याने मांडीवर थाप मारली. "तोंडात पदर! हे कोठून सुचलं बे याले?"

"गनपतीत नाटकात घ्या लागते याले!"

शेठही हसले. भांगेच्या दुकानापायी कित्येक दिवसांत हसू आलं नव्हतं, ते आज आलं. गुलाबसिंग चार हातांवर पाठमोरा उभा राहून पोतं शिवत होता. सुतळी ओढून दाताने तोडत होता.

"नाव काय त्यांचं?" मोबाइलमधून संयमने विचारलं.

"रुखमाबाई."

मग पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज. मग संयमचा: "पाणी घ्या, काका. चिठ्ठीशिवाय मला देता येत नाही हो. देता आलं असतं तर आत्ता दिलं असतं. गुरुवारी आणा त्यांना. नक्की आणा."

शेठांचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी गुलाबसिंगला रडायला सांगितलं होतं. हा कुठेच रडला नव्हता. ढेपेचे भाव सांगावेत तसा सपाट आवाज. आणि हाच आवाज त्यांनी आधी ऐकला होता. सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागली होती, तेव्हा याच पायरीवर उभा राहून तो म्हणाला होता, "मालक, रुखमाले कॅन्सर निघाला. अकोल्याले न्या लागते." शेठांनी काट्यावरून मानसुद्धा वर केली नव्हती. "सगळ्याईच्या बायका हंगामातच बिमार पडतात काय बे?" असं ते म्हणाले होते. तेव्हाही हे सगळे असेच हसले होते, आणि गुलाबसिंग जाऊन गाडी खाली करू लागला होता.

"बंद कर थे."

"काहून शेठ? आता तं मज्या..."

"बंद कर मनलं नं! मिटव. माह्यासमोर मिटव, नाही तं फेकतो तुहा मोबाइल नालीत!"

राजपालने घाबरून ते पुसून टाकलं. चहा तसाच टाकून सगळे उठले. शेठना वाटलं, गुलाबसिंगला हाक मारावी. पण मारून विचारायचं काय? 'खरं होतं काय बे?' हे कोणत्या तोंडाने विचारणार? त्यांनी हाक मारली नाही. कट्टेही हटवायला सांगितले नाहीत. हटवले असते तर बाजार म्हणाला असता, शेठ पोरापुढे वाकले.

गुरुवारी आटो दुकानासमोर थांबला. गुलाबसिंगची पोरगी अंजू आधी उतरली आणि तिने आईला धरलं. रुखमाबाईच्या अंगावर लुगडं नुसतं गुंडाळल्यासारखं दिसत होतं. कट्ट्यांची ती भिंत पाहून अंजू जागीच थबकली.

शेठ गादीवर ताठ बसले. आता गुलाबसिंग वळेल, 'मालक, कट्टे हटवू का?' म्हणेल, आणि आपण 'हटव' म्हणू. एवढ्यावर सगळं निभेल, असं त्यांना वाटलं. कोणी काही म्हणणार नाही, हमालाने विचारलं आणि मालकाने हो म्हटलं.

गुलाबसिंगने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो खाली बसला, रुखमाबाईला पाठीवर घेतलं, कट्टा घ्यावा तसं एका झोक्यात नाही, हळूहळू, आणि स्वतः रचलेल्या त्या भिंतीच्या फटीतून तिरका होऊन आत शिरला. तिचा गुडघा कट्ट्यावर घासला. ती ओरडली नाही. तिने पदर तोंडात कोंबला.

शेठ उठले. पायरी उतरले आणि वरच्या कट्ट्याला हात घातला. तो हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी कोपऱ्यांचे कान धरून ओढला, तेव्हा तो त्यांच्या पायांवरच आला. दुसरा ओढताना फाटला आणि ढेप रस्त्यावर सांडली. पांढरा सदरा मातकट झाला.

"शेठ, हमाल कुठं गेला?" भांडीवाल्याने विचारलं.

"तुहं काम कर, नालायका!"

शेवटचा कट्टा त्यांनी लोळवतच आपल्या दुकानाच्या पायरीला आणून लावला आणि धापा टाकत गादीवर जाऊन बसले.

बाहेर येताना संयमने रुखमाबाईला एका बाजूने धरलं होतं, अंजूने दुसऱ्या. दार मोकळं होतं. संयमने ते पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. शेठ काटा पुसू लागले.

गुलाबसिंगने शिशी अंजूच्या हातात दिली, आटोवाल्याला "दमानं ने" म्हणून सांगितलं.

"तूबी जाय संग," शेठ म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला. "आज सुट्टी तुले."

आटो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत गुलाबसिंग रस्त्यातच उभा राहिला. मग फडकं खांद्यावर टाकून पायरीशी आला.

"आज नाही मांगली, मालक," तो म्हणाला, आणि सांडलेली ढेप ओंजळीने फाटक्या कट्ट्यात भरू लागला.