वाकलेल्या दोन पिना

कॉम्प्युटरचा पडदा काळा तो काळाच. भाच्याने चौथ्यांदा बटण दाबलं. पंखा घुरघुरला, पुढे ठणठण गोपाळ.

"झालं का रे?" मावशीने विणकाम मशीनजवळून विचारलं.

"होतंय."

होत कसलं! मशीनला नक्षी पाठवणारा हा एकच कॉम्प्युटर, तोही म्हातारा. सहा मफलर विणायचे बाकी होते आणि पाचला माल न्यायला गाडी येणार होती. दीड वाजला होता.

सकाळी भाच्याने छाती फुगवून सांगितलं होतं, "मावशी, याला रॉकेट करतो." आधी त्याने कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम नवी टाकली, सातवी आवृत्ती. ती छान चालली. मग जुनी चिप उपटली आणि तिच्या जागी वेगवान चिपचा छोटा बोर्ड बसवला. बोर्डासोबतचा कागद मात्र त्याने आत्ता उघडला. तिसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं: सिस्टीम आवृत्ती सहापर्यंतच.

सातवीला हा बोर्ड ओळखूच येत नव्हता.

जुनी चिप परत बसवली की सुटलो, असं म्हणत त्याने ती उलटी केली. दोन पिना आडव्या! स्क्रूड्रायव्हरने उपटताना वाकल्या असणार. त्याने नखाने ढकलून पाहिलं.

"मावशी, मी घाण केलीय," तो म्हणाला.

"ते तुझ्या तोंडावरच दिसतंय. आण इकडे."

"तुटल्या तर सगळंच गेलं गं."

"मग तू श्वास रोखून बस, मी नाही."

तिने भिंग डोळ्याला लावलं. मशीनच्या सुया वाकल्या की ती पातळ पट्टीने सरळ करायची, रोज दोन-चार तरी. तीच पट्टी तिने पिनेखाली सरकवली. जरा उचललं, थांबली. पुन्हा जरा.

"ही एक दुखावलीय," ती म्हणाली. "आता चिप घातलीस की परत काढायची नाही. कधीच."

"आणि बोर्ड?"

"बोर्ड घे आणि तुझ्या घरी रॉकेट उडव."

बोर्ड निघाला, चिप बसली. बटण दाबलं. पडदा बराच वेळ काळा राहिला, भाच्याने देवाला काय काय कबूल केलं ते त्यालाच ठाऊक. मग नक्ष्यांची यादी रांगत रांगत वर आली.

सहावा मफलर सव्वाचारला उतरला. तोवर भाचा कॉम्प्युटरच्या टेबलाशी उभाच होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

"बस आता," मावशी म्हणाली.

तो बसला नाही.