डावा कोपरा

हे लिहायचं नव्हतंच खरं तर. दोनदा सुरू केलं, दोनदा कागद फाडला. तिप्पण्णाला कळलं तर तो काय म्हणेल ही एक भीती, आणि काहीच म्हणणार नाही ही दुसरी.

तर तिप्पण्णा. दुधनीचा, घरी कानडी बोलणारा. सोलापुरात कॉलेजच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्याला खेळायचा. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा एकदा हातात आला की सुटायचा नाही. बाहत्तर साली एका मॅचमध्ये चार गडी त्याच्या गुडघ्यावर पडले आणि खेळ संपला. त्या दिवशी त्याला पाठुंगळी मारून सिव्हिलपर्यंत नेलं ते मानसिंगनं. मग डाव्या कोपऱ्याला मानसिंगच उभा राहिला.

जिमखान्याचे सर म्हणाले, "पाय गेला तुझा. डोळा हाय की अजून." तेव्हापासून तिप्पण्णा शाळांच्या मॅचेस बघत फिरायचा. कुठला पोरगा कॉलेजला आणायचा ते कागदावर लिहून द्यायचा. राहायला जिमखान्याची खोली, जाळ्या आणि गाद्यांबरोबर. ऑपरेशन झाल्यापासून गुडघ्याखाली वीतभर जागा बधिर होती. चिमटा काढला तरी कळायचं नाही. हळूहळू तो सगळाच तसा झाला होता. पोरं म्हणायची, तिप्पण्णाला शिवी दिली तरी लागत नाही, तशीच परत येते.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत सरांनी त्याला वैरागला धाडलं. ज्ञानबा नावाचा पोरगा, मॅट्रिकला. डावा कोपरा.

होस्टेलात खेळाडूंच्या फुकट खाटा सातच होत्या. नवा आला की जुना उठायचा. मानसिंग सेकंड इयरला दोनदा गचकलेला आणि हल्ली त्याच्या हातनं घोटेही सुटायला लागलेले. त्याची खाट गेली की कॉलेज गेलं, मग श्रीपूरला साखर कारखान्यावर, बापाच्या शेजारी.

तो एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला.

"डावा कोपरा बघायला चाललास न्हवं?"

"व्हय."

"बरा असला तर?"

"तर बरा असंल."

"तुज्याशी बोलण्यापरीस भिंतीला टक्कर दिलेली बरी," मानसिंग हसला, आणि खिडकीतनं शेंगांची पुडी आत टाकली.

वैरागात मॅचेस पंचावन्न किलोच्या गटाच्या. पोरांची वजनं सकाळी अडतीच्या दुकानात, ज्वारीची पोती तोलायच्या काट्यावर. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोरगं. वैरागच्या शाळेचा आख्खा संघ टकला होता. तेवढंच चार केसांचं वजन कमी. दोन दिवस कुणी भाकरी खाल्लेली नाही, पाणी नाही. चिंच चघळून थुंकत बसलेले.

ज्ञानबा अर्धा किलो जास्त भरला. सदरा काढला, चड्डी काढली, तरी पारडं खालीच.

"करदोडा तोड," हमाल म्हणाला.

"आई मारंल," ज्ञानबा म्हणाला. सगळे हसले, हसण्यात जोर नव्हता.

त्यांचे तात्याबा मास्तर ओरडले, "घोंगडी पांघर आणि पळ! बाजाराला धा फेऱ्या मार!"

तासाभरानं पोरगा परत आला तेव्हा घाम येणंही बंद झालेलं. काटा बरोबर लागला. लागल्याबरोबर त्यानं तांब्या तोंडाला लावला, तो भरून घेऊन पुन्हा लावला. वर डझनभर केळी. मास्तरांनी अडवायला हवं होतं. त्यांनी पाठ थोपटली.

दुपारी मॅच. तिप्पण्णा कोपऱ्याच्या रेषेजवळ उकिडवा बसला, कागद मांडीवर. पहिल्या चढाईला ज्ञानबाच्या हातनं घोटा सुटला. दुसऱ्याला सुटला. तिसऱ्याला तर चढाईवाला त्याला फरफटत मधल्या रेषेपर्यंत घेऊन गेला.

"आज झोपलंय बेणं," मास्तर चडफडले. "तुमचा फेरा फुकट गेला, पावनं."

तिप्पण्णानं कागदावर तीन लिहिलं. मानसिंगसाठी त्याला बरं वाटायला हवं होतं. बरंही वाटलं नाही, वाईटही नाही. फक्त त्याच्या लक्षात आलं होतं, की तिन्ही वेळा पोराचे हात आधीच बरोबर जागी पोचलेले. पाय उचलायच्या आधी. पोरगं पाय बघतच नव्हतं, कंबर बघत होतं. हे कळायला तिप्पण्णाला दोन वर्षं लागली होती.

मग ज्ञानबा रेषेबाहेर गेला, भडाभडा ओकला, मातीनं तोंड पुसलं आणि परत कोपऱ्यात उभा राहिला. पुढची चढाई. गड्यानं डावीकडं झुकांडी दिली. ज्ञानबा हललाच नाही. गडी उजवीकडं वळला, आणि घोटा त्याच्या हातात.

"हिडदा!" तिप्पण्णाच्या तोंडनं कानडी निघालं. पकडलं रे. आजूबाजूचे बघायला लागले. वर्षभरात तो एवढ्यानं बोलला नव्हता.

मॅच संपल्यावर पोरगा पुढं येऊन उभा राहिला. "सर, तीन सुटल्या की."

"पाणी किती प्यालास?"

"हिरीत हुतं तेवढं."

संध्याकाळी तिप्पण्णा सोलापुरात. कागदावर आकडे भरलेले: पकडी एक, सुटल्या तीन. त्याखाली शेऱ्याची जागा कोरी. तशीच ठेवली तरी चालणार होतं. एक अक्षर खोटं नव्हतं, आणि नुसते आकडे बघून सर नाव खोडणार होते.

मानसिंग चहा घेऊन खोलीत आला. कागद गादीवरच होता. त्यानं वाचला.

"एक आणि तीन?" त्याचं तोंड उजळलं. "वाचलो की रे! च्यायला, चार दिस झोप न्हाय मला. उठ, भजी चारतो तुला."

"बस," तिप्पण्णा म्हणाला.

त्यानं कागद ओढून घेतला, पेनचं टोपण काढलं आणि मानसिंगच्या समोरच लिहिलं. 'वजनासाठी दोन दिवस उपाशी होता. हातात दम नव्हता. नजर पक्की. घ्यावा.'

मानसिंगनं ते समोर बसून उलटंच वाचलं. चहावर साय धरली.

"पाठुंगळी मारून नेलता तुला," मानसिंग म्हणाला.

"व्हय."

"इतका चांगला हाय?"

"माज्यापरीस."

मानसिंगनं चहा उचलला, न पिता ठेवला. तिप्पण्णा गुडघ्याखालची बधिर जागा नखानं खरवडत राहिला. रक्ताची रेघ उमटली तेव्हा मानसिंगनंच त्याचा हात धरून बाजूला केला.

"श्रीपूरला कारखान्याचा संघ हाय म्हनं."

"हाय."

"मला घेतील?"

"घेतील."

"बरं वाटावं म्हणून सांगतूस?"

"मी कदी सांगितलंय तसं?"

"न्हाय बाबा. तेवढं पाप तुज्या हातनं हुयाचं न्हाय." मानसिंग उठला, दारात थांबला. "मॅच बघायला ये मग."

"येतो."

"कागद आणू नगंस."

तिप्पण्णानं पेनचं टोपण लावलं. "न्हाय आणत," तो म्हणाला. "रिकाम्या हातानं येतो. नुसता बघतो तुला."