अबोल्याची आठ गाणी

माया सरगर आणि तिचे वडील दोन वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. त्यावर मायानं आठ गाण्यांचा एक अल्बम केला.

तिचं गाव आटपाडीपासून सहा किलोमीटरवर. वडील नानासो पूर्वी मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने बाहेर असायचे. आता डाळिंबाची बाग होती आणि घरापाशी चाळीसेक मेंढरं. माया कराडला इंजिनिअरिंग शिकली, आणि तिची शेवटची परीक्षा संपायच्या आतच नानासोंनी तिचं लग्न ठरवून टाकलं. साखरपुडाही झाला. लग्नाला अठरा दिवस राहिले असताना माया म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही. मुलगा वाईट नव्हता. अमृत त्याचं नाव, विट्याला त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पण आपण हो म्हणालो ते सगळे खुशीत होते म्हणून, एवढं तिला उशिरा का होईना कळलं होतं.

बोलणी मोडायला पाहुणे आले त्या दिवशी तिला आत बसवलं होतं. ओसरीवर काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली, तर नानासो तिच्याकडे पाठ करून मेंढरांच्या वाड्याकडे चालू लागले होते. एकदाही त्यांनी वळून पाहिलं नाही. अबोला तिथून सुरू झाला.

माया तासगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये नोकरीला लागली आणि तिथंच खोली घेऊन राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी घरी जायची. ती आली की नानासोंना वाड्यात काहीतरी काम निघायचं. पाऊस असला तर दोघं एकाच खोलीत बसायचे, आणि आई, बनाबाई, दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवायची. तिला जेव म्हणावं. मी जेवून आले म्हणावं. तिची गाडी चुकंल म्हणावं. बनाबाईला शेवटी त्याची इतकी सवय झाली, की निरोप यायच्या आधीच ती उत्तर देऊन टाकायची.

कॉलेजात असताना मायाचा एक बँड होता. ती गिटार वाजवायची आणि गायची, मलकापूरचा विश्वजित बेस वाजवायचा आणि तासगावचा अश्फाक ड्रम. बँडचं नाव 'कोरडवाहू'. कॉलेज संपल्यावर बँडही संपल्यासारखाच झाला होता. तासगावला आल्यावर एका रविवारी मायानं अश्फाकला एक गाणं ऐकवलं. तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, की अशी अजून असतील तर करू. अजून सात होती.

रेकॉर्डिंग अश्फाकच्या वडिलांच्या, पीरमहंमद चाचांच्या गादीच्या दुकानात झालं. मागच्या खोलीत कापसाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असायचे, त्यामुळे रस्त्यावरचा आवाज आत येत नव्हता आणि आतला घुमत नव्हता. एरवी अशा खोलीला शहरात तासावर भाडं पडतं. अडचण एकच होती, कापसाची कुसं नाकात जाऊन मायाला शिंका यायच्या. दुसऱ्या गाण्यात एक शिंक तशीच राहिली आहे.

गाणी तिनं तिच्या घरच्याच बोलीत लिहिली होती. साखरपुड्यापासून सुरू होऊन ती एकेका टप्प्यानं पुढं जात. पाचव्याचं नाव 'पाठ'. त्यात वडिलांना उद्देशून एक ओळ पुन्हा पुन्हा येते, 'तुजी पाठ दिसती आबा, तोंड कुटं ठेवलंस.' सहाव्यात फक्त आईनं पोचवलेले निरोप होते, एकामागून एक, आणि त्यांच्याखाली ड्रम वाढत जायचा. आठव्यात शब्दच नव्हते.

'पाठ' गाताना तिसऱ्या कडव्यात मायाचा आवाज फुटला. ती रडत रडत गात राहिली. अश्फाकनं वाजवणं थांबवलं नाही, विश्वजितनंही नाही. गाणं संपल्यावर पीरमहंमद चाचांनी दारातून डोकं आत घालून विचारलं, की कुणाच्या घरी काही वाईट झालं का. पुन्हा गायचं का, असं विश्वजितनं विचारलं. मायानं नाक पुसलं आणि म्हणाली, हेच ठेवू.

अल्बमचं नाव ठेवलं 'अबोला', आणि जानेवारीत तो इंटरनेटवर टाकला. पहिल्या आठवड्यात तो एकसष्ट वेळा ऐकला गेला. त्यातल्या एकोणीस वेळा विश्वजितच्या आईनंच ऐकला होता, असं नंतर निघालं. पुण्याच्या एका मुलानं लांबलचक परीक्षण लिहिलं, त्यात रेकॉर्डिंग कच्चं असल्याचं सांगून शेवटी लिहिलं होतं, की मी हे माझ्या वडिलांना पाठवणार होतो, पण अजून धीर होत नाही. मायानं ते वाक्य चार-पाच वेळा वाचलं.

मग एक दिवस धोंडुबाई दुकानात आल्या. त्या बेदाण्याच्या शेडवर बायकांच्या टोळीच्या मुकादम होत्या, वय साठीच्या पुढचं. जुन्या गादीचा कापूस पिंजून घ्यायला आल्या होत्या. चाचांनी दुकानात 'अबोला' लावला होता, ते आता रोजच लावत. धोंडुबाई गादी विसरून स्टुलावर बसल्या आणि आठही गाणी ऐकून मगच उठल्या. जाताना त्यांनी अश्फाककडून ती फोनमध्ये घालून घेतली.

बेदाण्याचा हंगाम तेव्हा ऐन भरात होता. शेडमध्ये तीसेक बायका ओळीनं बसून बेदाणा निवडत. हिरवा एकीकडे, काळपट एकीकडे, काड्या बाजूला. धोंडुबाईंनी स्पीकर आणला. पहिल्या दिवशी बायकांनी ड्रमच्या नावानं कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी त्या शब्द ऐकू लागल्या. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये दोन तट पडले. अर्ध्या बायकांचं म्हणणं, बाप दगड आहे. अर्ध्या म्हणत, पोरीनं तरी एकदा आबा म्हणून हाक मारली का, सगळं गाण्यातच. सहाव्या गाण्याला मात्र सगळ्या मिळून हसायच्या, कारण तसे निरोप प्रत्येकीनं कधी ना कधी पोचवलेले होते. हसून झालं की दोघी-तिघी पदरानं डोळे पुसायच्या.

बायकांच्या फोनमधून गाणी गावोगाव गेली आणि पाठोपाठ मायाला निरोप यायला लागले. माण तालुक्यातल्या एका जवानानं सीमेवरून लिहिलं, की हे ऐकून मी वर्षानं वडिलांना फोन केला, ते रजा कधी एवढंच विचारून ठेवून देणार होते, पण ठेवला नाही. सगळ्यात घाबरून मायानं जो निरोप उघडला तो अमृतचा होता. त्याचं लग्न झालं होतं, मुलगी सहा महिन्यांची होती. त्यानं लिहिलं होतं, की पहिल्या गाण्यात माझा कोट आखूड होता म्हटलंय ते खरं आहे, पण तो माझा नव्हता, भावाचा होता, एवढं कुठंतरी सांगावं. बायकोला चौथं गाणं आवडतं. माया त्या दिवशी पॅकहाउसमध्ये एकटीच हसत होती.

घरी तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. पण तिचा चुलतभाऊ धुळा बागेत औषध मारताना गाणी लावायचा, आणि मार्चमध्ये त्यानं 'अबोला' लावला. त्याला वाटलं, काका पलीकडच्या टोकाला आहेत. नानासो मधल्या ओळीत होते. बनाबाईनं नंतर फोनवर सांगितलं, की त्यांनी सगळी गाणी उभ्यानं ऐकली, पाचवं परत लावायला लावलं, आणि त्या दिवशी दुपारचं जेवायला आलेच नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी बँडचा सराव चालू असताना नानासो गादीच्या दुकानात येऊन उभे राहिले. अल्बमच्या खाली आभारात दुकानाचं नाव होतं, त्यावरून विचारत आले होते. डोक्याला पटका, हातात पिशवी. चाचांनी त्यांना आत आणलं. वाजवणं थांबलं. नानासोंनी कापसाचे गठ्ठे पाहिले, ड्रम पाहिला, मग मायाकडे पाहिलं.

"पाचवं गाणं खरं न्हाई," ते म्हणाले.

दोन वर्षांत त्यांनी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मायानं किती वेळा मनात ठरवलं होतं, की आबा बोलले तर आपण काय म्हणायचं. त्यातलं काहीच आठवलं नाही. तिला नुसता राग आला.

"काय खरं न्हाई? पाठ केली न्हाईसा तुमी?"

"केली. पर रागानं न्हाई केली."

"मग कशानं?"

नानासोंनी विश्वजितकडे पाहिलं, अश्फाककडे पाहिलं, दारात उभ्या चाचांकडे पाहिलं. मग म्हणाले की आटपाडीच्या गाडीची वेळ झाली, आणि गेले. पिशवी तिथंच राहिली. तिच्यात डाळिंबं होती.

अश्फाकनं हळूच सांगितलं, की काही का असेना, बोलले तरी. विश्वजितनं विचारलं, पाचवं गाणं काढून टाकायचं का. माया म्हणाली, माहीत नाही.

एप्रिलमध्ये हंगाम आटोपत आला तेव्हा धोंडुबाईंनी फर्मान काढलं, की शेवटच्या दिवशी बँडनं शेडमध्ये येऊन वाजवायचं. शेडच्या मालकानं वीज दिली. बायकांनी बसायला ताडपत्र्या अंथरल्या. चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. मायानं कार्यक्रमाचं घरी कळवलं होतं, पण कुणी येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिसऱ्या गाण्याच्या वेळी तिला दिसलं, मागं खांबाला टेकून बनाबाई बसली आहे आणि शेजारी नानासो.

पाचवं गाणं आलं. मायाला ते गाता येईल की नाही याची खात्री नव्हती, पण ती गायली, आणि बायका तिच्याबरोबर गायल्या. 'तुजी पाठ दिसती आबा' हे तीस जणींच्या तोंडून एकदम आलं तेव्हा नानासोंनी मान खाली घातली. धोंडुबाईंनी ते पाहिलं. पटका पाहिला, बनाबाईचा तोंडवळा पाहिला, आणि त्यांना उमजलं. गाणं संपताच त्या उठल्या आणि सगळ्यांच्या देखत विचारलं,

"आवं पावणं, तुमीच का ह्या पोरीचं आबा?"

"व्हय."

"मग दोन वर्सं का बोलला न्हाईसा?"

सगळ्या बायका वळून बसल्या. बनाबाई सवयीनं उत्तर द्यायला तोंड उघडणार होती, पण नानासोंनी तिला हातानं थांबवलं. ते उभे राहिले. चार माणसांत बोलायची त्यांना सवय होती, पण एवढ्या बायकांसमोर नव्हती.

"पावण्यास्नी मी सांगितलं, पोरीला न इचारता ठरिवलं, चूक माजी हाय. त्यांनी ऐकून घेतलं. ते गेल्यावर मला लय भरून आलं. पोरीम्होरं कसं रडायचं? म्हणून पाठ केली, नि वाड्यात जाऊन मेंढरांत बसलो. परत आलो तर ही तोंड फिरवून बसलेली. म्हणलं, माज्यावर रागावली. राग गेला की बोलंल."

"आन् दोन वर्सं वाट बघितलीसा?"

"व्हय."

"तुमी दोगंबी सारखंच हायसा," धोंडुबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

बापाच्या बाजूच्या बायकांनी दुसऱ्या बाजूकडे विजयानं पाहिलं. माया माइकपासून बाजूला झाली होती, तरी तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तू तरी कुटं इचारलंस?"

माया हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. अश्फाकला कुठं पाहावं ते कळेना, म्हणून त्यानं सहावं गाणं सुरू करून टाकलं. माया दोन ओळी उशिरा आली. ते गाणं त्या दिवशी इतकं वेड्यासारखं वाजलं, की शेडचा मालक हिशोबाची वही टाकून बाहेर आला. शेवटचं, शब्द नसलेलं गाणं वाजत असताना बायकांनी नानासोंना बेदाणे द्यायला सुरुवात केली, ओंजळ ओंजळ, आणि त्यांनी पटका सोडून ते त्यात बांधून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माया आईवडिलांबरोबर आटपाडीच्या एस.टी.त बसली. बनाबाई पुढच्या बाकावर लगेच झोपली. कितीतरी दिवसांनी तिला कुणाचाही निरोप पोचवायचा नव्हता. मायानं विचारलं, पाचवं गाणं काढू का.

"काढू नगंस," नानासो म्हणाले. "तुला पाठच दिसली, त्येला तू काय करणार."

मग त्यांनी सांगितलं, की सातव्या गाण्यात तुला दम पुरत नाही, श्वास कुठं घ्यायचा ते आधी ठरवावं. तरुणपणी धनगरांच्या गजी नाचात ते ओव्या म्हणायचे, त्यामुळे त्यांना ते कळत होतं. मायानं ते निमूट ऐकून घेतलं. त्यानंतर त्यांनी सांगितलं की काळी कुत्री गेली, तिची दोन पिल्लं ठेवली आहेत. डाळिंबावर तेल्या रोग आला होता, पण खालची निम्मी बाग वाचली. धुळा एका नर्सच्या मागं लागला आहे, ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. दोन वर्षांतलं जसं आठवेल तसं ते सांगत गेले, मागचं पुढं, पुढचं मागं, आणि माया विचारत गेली.

विट्याला गाडी दहा मिनिटं थांबली. माया चहा आणायला खाली उतरली, तर नानासोंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि लांडग्यानं कोकरू नेलं त्या दिवसाची गोष्ट तिला तिथूनच, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात, सांगायला सुरुवात केली.