जा म्हटलं म्हणून

ओट्याखालचा ड्रॉवर खुट्ट वाजला आणि गाढ झोपलेला बोका बाणासारखा स्वयंपाकघरात हजर झाला. मी नुसती कात्री काढत होते. पण त्याचं खाणंही तिथेच असतं. खुट्ट झालं की जेवण आलं, एवढंच त्याचं शास्त्र.

"हा आणि तुझं ते मशीन, एका माळेचे मणी," नणंद म्हणाली.

कशामुळे काय झालं, हे मशीनला चित्रं दाखवून शिकवायचं, हे माझं काम. लेक झोपली की घरूनच करते. परवा त्या शहाण्याने ठरवलं, की लोक छत्र्या उघडतात म्हणून पाऊस पडतो. दरवेळी दोन्ही बरोबरच दिसले, त्याने तरी काय करावं!

"मग उन्हाळ्यात एक छत्री उघडून ठेव, वहिनी. पाण्याची चिंता मिटली!"

आम्ही हसत होतो, तेवढ्यात बोक्याने लेकीच्या बशीत तोंड घातलं. ती बशी छातीशी धरून ओरडली, "ये! तिकडे ये! लांब ये!" बोका अर्थातच आणखी जवळ आला. तिला रडूच फुटलं.

"अगं, जा म्हण की त्याला," नणंद म्हणाली.

"नाही म्हणायचं."

"का गं, पिल्ला?"

"मी बाबाला जा म्हटलं होतं."

त्या सकाळी वेणी घालताना त्याने केस ओढले, म्हणून ती फणकारली होती, "जा! नकोस मला तू." तो हसत कामावर गेला आणि दुपारी तिथेच कोसळला. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. नणंदेनेच तिला मांडीवर घेतलं होतं. "बाळा, बाबा गेला," म्हणाली होती. आम्हा दोघींना दुसरा शब्द सुचला नव्हता.

मी लेकीला जवळ ओढलं. "राणी, छत्री उघडल्यामुळे पाऊस पडतो का? एकापाठोपाठ झालं, म्हणजे त्याच्यामुळेच झालं असं नसतं. तुझ्या म्हणण्याने कुणी जात नाही."

तिने नाक पुसलं. विचार केला.

"बोका जातो."

नणंदेने पाठ फिरवून नळ सोडला. भांडं एकही नव्हतं तिथे.

"बोक्याचं वेगळं गं. बाबा तुझ्यामुळे नाही गेला. अजिबात नाही."

"मग कशामुळे गेला?"